असेंबल्ड कॉम्प्युटरसाठी पार्ट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यातल्या, ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या माणसांना मी कॉम्प्युटर जोडून देतो. दुकान नाही, कमिशन नाही. रविवारची दुपार आणि चुंबकाच्या टोकाचा एक स्क्रूड्रायव्हर, एवढंच भांडवल. फोनवर येणारे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी असे कडाडलेत की महिन्याभरापूर्वीचं कोटेशन दाखवलं तर दुकानदार नुसता हसतो.

चांगला कॉम्प्युटर केवढ्याला पडेल?

हा प्रश्न आला की मी उलट विचारतो: त्यावर रोज सगळ्यात जास्त वेळ काय चालणार आहे? "सगळंच" हे उत्तर चालत नाही. मुलगा इंजिनिअरिंगला आहे असं सांगतात. पण तो ऑटोकॅड करणार, कोडिंग करणार की रात्री व्हॅलोरंट खेळणार, यावर यादी बदलते. टॅली, ईमेल आणि जीएसटी रिटर्नला ग्राफिक्स कार्डाची काडीचीही गरज नाही. ब्लेंडरमध्ये घरांचे थ्रीडी देखावे करणाऱ्याला मात्र तेच कार्ड पोट भरून देतं.

मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माऊस यांचे पैसे आधी बाजूला काढा. अर्धे लोक सगळं बजेट कॅबिनेटच्या आत घालतात आणि मग जुन्या, पिवळट पडलेल्या मॉनिटरवर नवं कार्ड चालवतात.

"आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, एकदम स्वस्त" अशी जाहिरात पाहिली. घेऊ का?

कितवी पिढी आहे ते विचारा. समोरचा गडबडला की समजा. इंटेलच्या प्रोसेसरचं आय७ हे नाव २००८ पासून चालू आहे. या जाहिरातींमधला प्रोसेसर बहुधा आय७-२६०० किंवा आय७-३७७० असतो, म्हणजे अनुक्रमे २०११ आणि २०१२ सालचा. ऑफिसांमधून निघालेला प्रोसेसर, नव्याने बनवलेला बिननावाचा एच६१ मदरबोर्ड आणि झगमगती कॅबिनेट, असा तो मामला. २०२२ सालचा साधा आय३-१२१०० त्याला आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आय३, आय५, आय७ ही एकाच वर्गातल्या मुलांची उंची आहे. चौथीतला सगळ्यात उंच मुलगा दहावीतल्या बुटक्यापुढे ठेंगणाच.

इंटेल की एएमडी?

आमच्या मामांच्या मते "एएमडी तापतो". ते मत पंधरा वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा ते बरोबरही होतं. आता दोन्ही चांगले आहेत, म्हणून मी सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, बघून ठरवतो.

एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ ला आला आणि २०२७ पर्यंत तरी तो चालवण्याचं कंपनीने जाहीर केलंय. त्याआधीच्या एएम४ वर रायझन १००० पासून ५००० पर्यंतच्या मालिका बसल्या. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलला. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट १२, १३ आणि १४ या तीन पिढ्यांत आटोपला. आता कोअर अल्ट्रा २०० साठी एलजीए १८५१ आहे. तीन-चार वर्षांनी प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर एएम५. एकदा घेतला की मोडेपर्यंत हातच लावायचा नाही, असा स्वभाव असेल तर जिथे सौदा चांगला मिळेल तिथे जा.

१३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या इंटेल चिप अस्थिर होण्याचं प्रकरण खरं आहे. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तशी चिप घेतलीत तर पहिल्याच दिवशी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

प्रोसेसरच्या नावामागे एफ, के, जी अशी अक्षरं असतात त्यांचं काय?

पैसे तिथेच वाचतात आणि तिथेच बुडतात. इंटेलचा "एफ" म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. "के" म्हणजे वेग वाढवायला मोकळा. पण इंटेलमध्ये त्यासाठी बोर्डही झेड मालिकेतला लागतो. एएमडीचा "जी" म्हणजे आतलं ग्राफिक्स जरा दणकट, कार्डाशिवाय हलके गेम चालतील. "एक्स३डी" म्हणजे प्रोसेसरच्या आतली जास्तीची मेमरी (कॅश), ती मुख्यतः गेमिंगसाठी.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. हल्लीचे कॅमेरे ४:२:२, १० बिट (जास्त रंगमाहितीचं) रेकॉर्डिंग करतात. तसं एच.२६५ फूटेज इंटेलचं आतलं ग्राफिक्स सहज उलगडतं. एनव्हीडियाची आरटीएक्स ५० मालिकाही ते करते, जुनी कार्डं करत नाहीत. जुनं कार्ड आहे म्हणून थोडे पैसे वाचवायला "एफ" चिप घेतली, की टाइमलाइन बैलगाडीसारखी चालते. दुसरं, रायझन ८५०० जी. ग्राफिक्स कार्डासाठी त्यात चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत. आत्ता कार्डाशिवाय भागवू, पुढे मोठं कार्ड टाकू, असं म्हणणाऱ्यांनी तो घेऊ नये.

मदरबोर्ड स्वस्तातला घेतला तर चालेल?

चालेल, पण पुढून-मागून फोटो बघून घ्या. मी चार गोष्टी मोजतो: रॅमचे स्लॉट दोन की चार, एसएसडीसाठीचे एम.२ चे किती, मागे यूएसबी किती, आणि प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर धातूचे हीटसिंक आहेत का. वायफाय बोर्डात नसेल तर ते नंतर वेगळं घ्यावं लागतं, हेही आधीच बघा. आठ कोअरपर्यंत बी मालिकेतला मधला बोर्ड पुरतो. रायझन ९००० हा बी६५० बोर्डावर लावायचा असेल तर बायोस नवा हवा. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून ते करता येतं.

सॉकेटवरची काळी प्लॅस्टिकची टोपी फेकू नका. एएम५ आणि इंटेल दोन्हींमध्ये पिना आता बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली आणि टोपी नसली, तर वाटेत पिना वाकतात आणि सर्व्हिस सेंटर "फिजिकल डॅमेज" लिहून हात वर करतं. मी सगळ्या टोप्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. त्या डब्याने आजवर दोघांचे बोर्ड वाचवलेत.

रॅम किती घ्यावी?

घरगुती कामाला १६ जीबी, कमाईच्या कामाला ३२.

एका फ्लेक्सवाल्याला हे पटत नव्हतं, म्हणून त्याच्याच टेबलावर हिशेब मांडला. २० बाय १० फुटांचा वाढदिवसाचा बॅनर, ७२ डीपीआय. वीस फूट म्हणजे २४० इंच, गुणिले ७२ म्हणजे १७,२८० पिक्सेल रुंदी. दहा फुटांची उंची ८,६४०. गुणाकार साधारण १४ कोटी ९३ लाख पिक्सेल. सीएमवायकेत एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेअर जवळपास ६०० एमबी. आता मागे आकाश, त्यावर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग आणि प्रत्येकाच्या डोक्यामागे तेजोवलय. आठ जीबीमध्ये फोटोशॉप घामाघूम होणार नाही तर काय! त्याने ३२ घेतली.

एकच मोठी कांडी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळतं, दोन्ही कांड्या एकदम वापरल्या जातात. कार्डाशिवाय आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला तर याचा फरक फारच जाणवतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की वेग सहसा खाली येतो. म्हणून "आत्ता दोन, नंतर अजून दोन" हा जुना हिशेब सोडून द्या. डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

आणि बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवण्याची सेटिंग, सुरू करा. ६००० ची रॅम विकत घेऊन ती वर्षभर ४८०० वर चालवणारे मी कितीतरी पाहिलेत.

एसएसडी कोणती? हार्डडिस्क लागते का?

विंडोजसाठी एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारी वेगवान एसएसडी), किमान ५०० जीबी, जमलं तर १ टीबी. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, जेन ३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३,५०० च्या आसपास, जेन ४ सात हजारांपर्यंत. आकडे दिपवणारे असले तरी रोजच्या वापरात जेन ३ आणि जेन ४ मधला फरक बहुतेकांना कळतसुद्धा नाही. जेन ५ चा विचारही करू नका. फोटो-व्हिडिओचा साठा असेल तर हार्डडिस्क अजूनही हवीच, आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर.

ग्राफिक्स कार्डात ८ जीबी मेमरी पुरे की १६?

१०८० पी (फुल एचडी) मॉनिटरवर स्पर्धेचे गेम खेळणाऱ्याला ८ पुरतात. नवे मोठे गेम, १४४० पी, ब्लेंडर किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं यापैकी काहीही असेल तर १६. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ अशा दोन्ही रूपांत मिळतात, खोक्यावर नाव तेच. बिलावर जीबी लिहून घ्या. ब्लेंडर आणि एआय यांसाठी एनव्हीडिया सोयीचं पडतं, कारण बरीचशी सॉफ्टवेअर कुडा, म्हणजे एनव्हीडियाचीच प्रणाली, धरून लिहिलेली आहेत. नुसतं खेळायचं असेल तर पैशाला पैसा लावून बघा आणि जे जास्त देईल ते घ्या.

कॅबिनेटसोबत एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज देणारा डबा) फुकट मिळतोय. वेगळा का घ्यायचा?

माझ्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये असाच एक होता. बाहेर "४५० वॅट" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. हातात घेतल्यावर इतका हलका की आत काही आहे का अशी शंका यावी. उन्हाळ्यात लोडशेडिंगनंतर लाइट आले, फट् असा आवाज झाला, जळक्या वार्निशचा वास सुटला. एसएमपीएस गेला त्याचं दुःख नव्हतं. जाताना तो बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. हार्डडिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. तेव्हापासून मी यादी लिहिताना पहिली ओळ एसएमपीएसची लिहितो आणि प्रोसेसर नंतर.

किती वॅटचा, याचा हिशेब सोपा आहे. एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ५०६० कार्ड १४५ वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. झाले २८० च्या आसपास. कार्ड क्षणभर उसळी मारतं आणि पुढे मोठं कार्डही येऊ शकतं, म्हणून ५५० किंवा ६५० चा घ्यायचा. अशा कॉम्प्युटरला ८५० चा गळ्यात मारणारा दुकानदार भेटला तर नमस्कार करून निघा.

"८० प्लस" ब्राँझ-गोल्ड हे वीज किती वाया जाते याचं माप आहे. आतल्या सुट्या भागांच्या दर्जाची ती हमी नव्हे. मी वॉरंटीची वर्षं बघतो. पाच किंवा जास्त वर्षं देणाऱ्या कंपनीला स्वतःच्या मालाची थोडी तरी खात्री असते. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर एका कंपनीच्या केबल दुसरीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. खोबणीत बसतात, पण आतली जोडणी वेगळी असते आणि डिस्क जळते.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुधा नाही, घराचं अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो, आणि चप्पल न घालता हात लावणाऱ्याला चटका बसतो. टेस्टर पत्र्याला टेकवा, मंद पेटेल. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास दिसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. थ्री-पिनची जाड पिन काढून टू-पिनमध्ये घुसवण्याची खोड तेवढी सोडा.

घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?

लाइट गेल्यावर एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. अनेक घरगुती इन्व्हर्टरवर "यूपीएस मोड" असतो. तो चालू करा आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे याची खात्री करा. मग वेगळा यूपीएस नसला तरी भागतं. यूपीएस घेणार असाल तर व्हीए आणि वॅट यांची गल्लत करू नका: ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस ३६० वॅटच देतो. गेमिंग कॉम्प्युटर त्यावर टाकला तर लाइट गेल्यावर दोघेही एकदम आडवे होतात.

आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश असतं. लिक्विड कूलिंग घ्यावं का?

पाण्याने थंड केला म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीत ४० असेल तर परदेशी चाचणीतल्या २५ अंशांच्या खोलीपेक्षा सगळे आकडे पंधराने वर धरा. ६५ वॅटच्या चिपला बरा एअर कूलर पुष्कळ झाला, फक्त त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का ते बघा. पैसे जाळीदार पुढच्या भागाच्या कॅबिनेटवर घाला. पुढून काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट विदर्भात भट्टी होते. रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच चिपना ९५ अंश हीच मर्यादा ठरवून दिलेली आहे, त्यामुळे तेवढा आकडा दिसला म्हणून घाबरू नका.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न उष्णतेचा कमी, दमट खाऱ्या हवेचा जास्त. पावसाळ्यात कॉम्प्युटर दोन-दोन महिने बंद ठेवू नका, आठवड्यातून एकदा तासभर चालवा.

आणि मागच्या पट्ट्या! कार्ड काढल्यावर मागे जी उभी फट उरते ती पत्र्याची पट्टी लावून बंद करा. उबेला पाल आत येते. एका ओळखीच्यांचा "अचानक बंद पडलेला" कॉम्प्युटर उघडला तर प्रोसेसरजवळ, कपॅसिटरांच्या दोन रांगांमध्ये ती आडवी पडलेली. दोन रुपयांची पट्टी नव्हती, बोर्ड नवा आला.

लॅमिंग्टन रोडवरून घ्यावं की ऑनलाइन?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड एकदा चालून बघाच, सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. एकाच यादीवर चार दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. दुकानदार एखादा पार्ट बदलून "सेमच आहे साहेब" म्हणाला, तर बदललेला मॉडेल नंबर तिथल्या तिथे शोधून बघा. प्रोसेसर बॉक्स पॅक की ट्रे, हेही विचारा. ट्रे म्हणजे सुटा, कूलर सहसा नाही आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर.

बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर हवा. "बिल नको, जीएसटी वाचेल" याला भुलू नका. १८ टक्के वाचवून तीन वर्षांची वॉरंटी सोडण्यात शहाणपण नाही. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मात्र मिळत नाही. ऑनलाइन घेतलंत तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा.

भाऊ अमेरिकेहून येतोय. कार्ड मागवू का?

बहुतेक कार्डांची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथलीच असते, आणि बिघडलं तर भावाला परत पाठवावं लागेल. कस्टमचा हिशेब वेगळाच. त्याला त्यापेक्षा चांगला कीबोर्ड आणायला सांगा.

जुनं कार्ड घेणं धोक्याचं आहे का?

समोर चालवून दाखवत असतील आणि बिल शिल्लक असेल तर नाही. अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, जीपीयू-झेड हा प्रोग्राम लावून कार्डाचं खरं नाव वाचा. आरएक्स ५८० म्हणून विकलं जाणारं कार्ड पुष्कळदा "२०४८ एसपी" हे कापलेलं रूप असतं. "सात दिवस चेकिंग वॉरंटी" म्हणजे आठव्या दिवशी ओळख नाही. एसएमपीएस आणि हार्डडिस्क मात्र मी जुन्या कधीच घेत नाही.

दुकानात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचं लॉक (डोंगल) आहे. नव्यावर चालेल?

लॉक यूएसबीचं असेल तर ड्रायव्हर ६४ बिटचा मिळतो का ते आधी बघा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि १६ बिट प्रोग्राम त्यावर चालत नाहीत. पॅरलल पोर्टसाठी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड मिळतं. प्रिंटरला ते चालतं, जुन्या लॉकला चालेलच असं नाही. मराठी टायपिंगसाठी मात्र वेगळं काही लागत नाही, इनस्क्रिप्ट विंडोजमध्येच आहे. जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात देऊ नका, लॉकवालं काम उरकेपर्यंत कोपऱ्यात राहू द्या.

सगळं जोडलं, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. काय चुकलं?

मॉनिटरची केबल बघा. कार्ड असताना ती बोर्डात खोचली असेल, दहातले निम्मे फोन याचेच असतात. मग प्रोसेसरच्या डोक्याजवळची ८ पिनची वीज, मग रॅम: काढून परत, दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत. हे सगळं ठीक असेल आणि बोर्ड डीडीआर५ चा असेल तर थांबा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची ओळख करून घेतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. चहा ठेवा. उकळी येईपर्यंत बहुतेक वेळा स्क्रीन आलेली असते.